अनुच्चारित

टापानुईहून डनीडन दोन तासांवर.
मॉर्ना हॅगर्टला मात्र सहा दिवस लागतात:
दोन आधी पडून राहायचे, जाण्याइतकं साठवायला,
एक जाण्यायेण्याचा,
आणि तीन नंतर, गेल्याचं देणं फेडायला.

भाची गाडी चालवते. मागच्या सीटवर मॉर्ना आडवी,
लोकरी टोपी डोळ्यांवर ओढलेली.
ऑक्टोबरचं कोवळं ऊनही तिला टोचतं.
बाहेर कुरणात कोकरं आहेत
हे तिला आवाजावरून कळतं.

एके काळी कातरणीच्या शेडमध्ये
मेंढीच्या अंगावरून उतरलेली अख्खी लोकर
ती एका झटक्यात टेबलावर फेकायची
आणि लोकर चादरीसारखी पसरायची, एक घडी न पडता.
तशी फेक कुणाची नव्हती.
मग एकतिसाव्या वर्षी, जुलैत, फ्लू झाला.
ताप उतरला.
बाकीचं उतरलं नाही.

पहिल्या डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या.
दुसरा म्हणाला, फिरायला जात जा.
तिसरा फार सौम्य होता.
त्याने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

प्रयोगशाळेत लोसा नावाची मुलगी
दंडाला पट्टा बांधताना सांगते:
अक्षरं तीच असतात, आईबापांनी दिलेली.
पण कुठे कुठे एखाद्या अक्षरावर
बारीकसा ठिपका बसतो,
आणि मग पेशी ते पान वाचायचं सोडून देते.
आम्ही त्यावर एक क्षार ओततो.
ठिपका नसलेलं अक्षर बदलून जातं,
ठिपका असलेलं तसंच राहतं.
असं शोधतो.

(आपल्या जुन्या छापील पुस्तकांत असायचे ना
ते न उच्चारायचे अनुस्वार,
बोलताना कुणाला ऐकू न येणारे?
शब्द कुठून आला, वाटेत त्याचं काय झडलं,
एवढंच त्या ठिपक्याला माहीत असे.
पुढे नियम झाला. काढून टाकले.
वाचताना काही अडलं नाही कुणाचं.)

तीन नळ्या भरतात. रक्त गडद,
दिसायला कुणाचंही असावं असं.
उणे ऐंशीच्या फ्रीजरचं दार उघडतं, धूर येतो, मिटतं.
तेव्हा मॉर्ना पिशवीतून काढते
लोकर कंपनीची बावीस कॅलेंडरं, सुतळीने बांधलेली.
उठता न आलेल्या प्रत्येक दिवसावर
पेन्सिलीचा एक ठिपका.
काही महिने नुसते ठिपक्यांचे,
एका मार्चमध्ये सलग नऊ चौकोन कोरे
(तिला तो मार्च अजून तोंडपाठ आहे).

लोसा चाळते. प्रश्नावलीत याला रकाना नाही.
"हे... ठेवून घेऊ का?" विचारते,
कुठे ठेवायचं हे माहीत नसलेल्या आवाजात.
"नको," मॉर्ना म्हणते. "नुसतं बघ."
आणि ती बघते. उभ्यानेच, हातमोजे न काढता,
दोन हजार आठपर्यंत.

सात महिन्यांनी पत्र आलं.
गटाच्या पातळीवर काही फरक आढळले आहेत.
आपल्याविषयी व्यक्तिशः निष्कर्ष काढता येणार नाही.
उपचारांबाबत सध्या काही सांगणं शक्य नाही.
सहभागाबद्दल आभार.

भाची चिडली. एवढ्यासाठी बोलावलं होतं?
मॉर्नाने पहिलंच वाक्य पुन्हा वाचायला लावलं.
आढळले आहेत.
बावीस वर्षांत हे क्रियापद
तिच्या वाट्याला आलं नव्हतं.
रडावंसं वाटलं, पण रडायलाही शक्ती जाते
आणि उद्या केस धुवायचे होते.

मग उशाखालून पेन्सिल काढून
आजच्या चौकोनात ठिपका दिला,
रोजचाच,
पण जरा दाबून.
शिसं मोडलं.
भाचीला म्हणाली, टोक काढून दे.